आप्पांचं "बसलं!"

सोम., ६ जाने.
आज घरून काम. (सोम. नि शुक्र. घरी, मधले तीन दिवस ऑफिस.) आप्पा साडेआठलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. वडील सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यापासून दाढी फक्त माझ्या या दोन दिवशी. आमची कंपनी बनवते त्या व्हिडिओ गेममधल्या किल्ल्याच्या दरवाजांचे आवाज तेच काढून देतात: जुनी कडी, साखळी, पत्रा. मी माइक धरते. चहा दोनदा. म्हणे, "ड्यूटीवर चहा लागतोच."

बुध., १५ जाने.
ऑफिसात फजिती! गेमच्या नवीन आवृत्तीत हिरोनं दरवाजा लावला की मागून हळूच, "बसलं!" पार्ट बरोबर जुळला की आप्पा म्हणतात ते. रेकॉर्डिंगमधून कापायचं राहिलं, चूक माझी. केतकी, माझी लीड, हसून लाल. "खबरदार काढलंस तर." संध्याकाळपर्यंत अख्खी टीम, बग सुटला की "बसलं!"
घरी सांगितलं. "त्यात काय येवढं," म्हणाले आप्पा. आणि शेजारी दोनदा सांगून आले.

गुरु., २३ जाने.
मेल आला. ३ फेब्रु.पासून पाचही दिवस ऑफिस. मला काय, स्कूटीवर वीस मिनिटं. पण आप्पा? आता दाढी कशासाठी करतील?
आज सांगणं जमलं नाही. उद्याही...

शुक्र., ३१ जाने.
शेवटी सांगितलं. साखळीला तेल लावत होते. "हापिस म्हंजे हापिस. जायचंच." मग साखळी पुसत, "ती वरची कडी लय खडखडती अजून. तेवढी राह्यली."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. फार जीव आहे माझा या माणसावर, तोंडावर कधी म्हणत नाही.
केतकीला फोन. ती: "मग त्यांनाच आण की सोमवारी! एचआरला विचारते." आप्पांना म्हटलं, नक्की नाही हं, विचारतायत.

सोम., ३ फेब्रु.
एचआरचं उत्तर नाही. केतकी फोन उचलत नाही.
सव्वाआठला आप्पा बाहेर आले. दाढी, इस्त्रीचा शर्ट, बिस्किटांच्या डब्यात कडी नि साखळी.
"गेटपास लागंल ना?"
माहीत नाही म्हटलं. हेल्मेटं दोन घेतली.