लाल गाडीच्या दोन पट्ट्या

२० जानेवारी, मंगळवार
कल्याणदादाचा दहावा. सकाळी आठला प्रवरेच्या घाटावर पोहोचलो. पिंड मांडले. कावळा शिवेना. समोरच्या लिंबावर चार बसले होते, पण खाली येईनात. दादाची मुलगी दिशा हात जोडून म्हणाली, पप्पा, आईला मी सांभाळीन. काही नाही. चुलतभाऊ मच्छिंद्र म्हणाला, "दादा, कशात जीव अडकलाय तुझा? बिगी बिगी सांग, माणसं खोळंबलीत." पाऊण तास गेला. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा मी मनात म्हणालो, दादा, तुझ्या गाडीच्या पट्ट्या मी बसवतो. लगेच एक खाली आला.
योगायोग. दूध संघाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली आहेत, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कुणाला बोललो नाही. तरी शब्द दिलाच आहे तर करून टाकू. दोन पट्ट्या. एका रविवारचं काम.

२५ जानेवारी, रविवार
गाडीची पाहणी केली. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. दादानं रिटायर झाल्यावर पुण्याहून आणली. गल्लीत तिला बेडूक म्हणतात. दोन्ही दारांवर काचेखालची रबरी पट्टी वाळून चिरली आहे, पाणी सरळ दारात उतरतं.
नव्या पट्ट्या दादानंच आणल्या होत्या. डिकीत गुंडाळून पडल्या आहेत. दिवाळीत म्हणाला होता, "अमृत, येतो का? एकानं बाहेरून पट्टी दाबायची, एकानं आतून काच धरायची. दहा मिनिटं." मी म्हणालो, रविवारी बघू. त्या रविवारी मला खरंच काम होतं. कोणतं ते आता आठवत नाही.
वहिनी म्हणाल्या, गाडी पाडव्याला राहात्याचा एक माणूस नेणार आहे. म्हणजे सात रविवार आहेत. भरपूर. आज फक्त पाहणी.

१ फेब्रुवारी, रविवार
जुन्या पट्ट्या काढल्या. मोबाईलवर दाखवतात ते प्लास्टिकचं हत्यार नव्हतं म्हणून उलथनं वापरलं. एक क्लिप तुटली. रंगावर ओरखडा गेला, पण लांबून दिसत नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या उलथन्यानं मी भाकरी उलटते." धुऊन दिलं.
काम अर्ध्याहून जास्त झालं असं म्हणायला हरकत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
अर्धा तास गाडीत बसून काचेचा अभ्यास. डाव्या सीटवर बसलो. दादा असताना कधी बसलो नव्हतो. तशी वेळ आली नाही.

५ फेब्रुवारी
अभ्यास, पाऊण तास.

६ फेब्रुवारी
अभ्यास. पेपर आतच वाचला.

१५ फेब्रुवारी, रविवार
नव्या पट्ट्या गुंडाळून गुंडाळून जिलबीसारख्या झाल्या आहेत. रबर उन्हात सरळ होतं, हे साधं शास्त्र आहे. गच्चीवर पसरल्या, टोकांवर बाजरीचे डबे ठेवले. एक आठवडा पुरे.

२२ फेब्रुवारी, रविवार
वहिनींनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि मला राखणीला बसवलं. अकराच्या सुमाराला एक कावळा आला आणि नेमका पट्टीवर बसला. माझ्याकडे बघत होता. खालून वहिनी ओरडल्या, "हाकला की!" मी हाकललं नाही. एकदम उडाला असता तर नखानं रबर फाटलं असतं. काम चालू आहे, एवढंच त्याला हळू आवाजात सांगितलं. त्यानं तीन कुरडया खाल्ल्या. वहिनींना दोन सांगितल्या.

८ मार्च, रविवार
पट्ट्या बऱ्यापैकी सरळ. बसवायला घेतल्या. बाहेरून दाबली की काच आत झुकते. काच धरायला आत जावं लागतं. आत जायचं म्हणजे आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. तोवर बाहेर पट्टी निसटते. अकरा वेळा गेलो. समोरच्या लंकाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अण्णा, बेडकाशी लपाछपी खेळताय व्हय?"
मच्छिंद्रला बोलावता आलं असतं. पण त्याला वेळ नसतो.

१५ मार्च, रविवार
मच्छिंद्र आपणहून आला. दोन तास बसला, चहा दोनदा. मला दाराशी वाकलेलं पाहून म्हणाला, "एवढं काय त्या पट्टीचं? विकून टाकायची हाय ना?" माझ्या तोंडून दहाव्याची गोष्ट निघून गेली. तो हसत सुटला. म्हणाला, "अण्णा, तो कावळा काय दादानं धाडला न्हाई. मीच खिशातली शेव हळूच पिंडामागं टाकली हुती. न्हाईतर जेवायला दोन वाजले असते."
शेव. तो दहाव्याला खिशात शेव घेऊन आला होता.
म्हणजे मी मोकळा झालो. बरं झालं, नाहीतरी विश्वास नव्हताच. मच्छिंद्र म्हणाला, "चल, मी काच धरतो, दहा मिन्टात उरकू." मी म्हणालो, रविवारी बघू.
तो गेल्यावर लक्षात आलं की पाडवा गुरुवारी आहे.

१८ मार्च, बुधवार
दिवसभर गाडीपाशी. शब्दाचा प्रश्न उरलेला नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडू नये. शेवटी आत बसून डावा हात काचेला लावला आणि उजवा वरून बाहेर काढून पट्टी दाबली. चार वाजता डावीकडची बसली. खट्ट असा आवाज झाला. बाजूच्या सीटकडे बघून "बसली" म्हणालो. उजवीकडची उद्या सकाळी लवकर.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
यंदा दुखवट्याचं वर्ष, गुढी नाही. राहात्याचा माणूस साडेसातलाच आला. मी म्हणालो, एक पट्टी राहिली आहे, तासभर थांबा. तो म्हणाला, "राहू द्या काका, मी सगळं काढून नव्यानंच करणार हाय." डावीकडच्या पट्टीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गाडी पहिल्याच स्टार्टला चालू झाली. दिशा आणि वहिनी फाटकापर्यंत गेल्या. माझ्या हातात पट्टी होती म्हणून मी गेलो नाही.
दुपारी पट्टी गच्चीवर नेऊन पसरली. पुन्हा वाकडी व्हायला नको. टोकांवर डबे ठेवले. वहिनींनी जेवणात कुरडया तळल्या होत्या, त्यातली एक कठड्यावर ठेवून सावलीत बसलो. कुणी आलं नाही. तीनच्या सुमाराला मीच खाल्ली. मऊ पडली होती.