नीलमच्या जागी

१२ नोव्हेंबर
नीलमला घेऊन ठाण्याला गेलेलो. गळ्याची जखम भरलीय. आवाज नाही. डॉ. म्हणाले, थायरॉइडच्या गाठीला चिकटूनच आवाजाची नस होती, ऑपरेशनमध्ये ती दुखावली. बोलणं सुधारेल. गाण्याचं आत्ताच सांगता येत नाही.
गाडीत तिनं कुजबुजत विचारलं, "शीळफाट्याच्या हळदीचं काय?" बाबा गाडी चालवत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं.

१५ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न झालं की आमचा हळदीच्या गाण्यांचा सीझन. लोकांनी बोलावलंय सोनकेवडा सिस्टर्सना, म्हणजे तिघी बहिणींना. मी थोरली, प्राची धाकटी, आम्ही दोघी साथीच्या. गाणं उचलते ती मधली, नीलम. शाळेत होतो तेव्हापासून असंच.
बाबांनी कळव्याची एक मुलगी आणली, श्रावणी. ऑर्केस्ट्रात गाते. चेहरा थोडा नीलमसारखा. "या सीझनपुरती ही नीलम म्हणून उभी राहील." नीलमनंच तिला पाणी आणून दिलं.

१९ नोव्हेंबर
नीलम स्वतः शिकवतेय तिला. मांडीवर ठेका, ओठ हलतात, आवाज म्हणजे नुसती हवा. "शब्द ओढू नको. नवरीच्या आईकडे बघून गा. ती रडली की सगळ्या रडतात."
श्रावणी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "ताई, मला नाही जमत हे. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

२४ नोव्हेंबर
शीळफाट्याची हळद. निवेदकानं नाव पुकारलं, नीलम. श्रावणीनं हात जोडले. खरी नीलम साउंडवाल्याच्या बाजूला, गळ्याभोवती ओढणी.
गाणी झाल्यावर एका म्हातारीनं श्रावणीचा चेहरा धरला. "माझी नीलम गो, कवरी सुकलीस." नीलम तिच्या पाठीमागेच उभी होती.
परत येताना एवढंच म्हणाली, "चांगला लागला हिचा आवाज."

२८ नोव्हेंबर
नव्या गाण्याचं पोस्टर आलं. फोटो श्रावणीचा, खाली नाव नीलमचं.
"बाबा, तिचं नाव टाका ना. मी मेले नाही अजून."
"नाव बदललं तर आपल्याला कोण बोलावणार, बाय?"
नंतर बाबा ओट्यावर पाठ करून बसले. जेवले नाहीत.

३० नोव्हेंबर
नीलम डोंबिवलीला मावशीकडे गेली. फोन उचलत नाही. आई म्हणते, उचलून बोलणार काय ती.

६ डिसेंबर
कल्याणची हळद. निवेदक नावं घ्यायला लागला, मला ऐकवेना. माइक घेतला. "ही श्रावणी. आमची नीलम आजारी आहे. तिचा आवाज गेलाय." पुढचं काही ठरवलंच नव्हतं. बाबा स्टेजखाली, मान खाली घालून. मग नवरीची आई म्हणाली, "गा गो बायांनो."
गायलो. प्राची मधेच रडायला लागली, श्रावणीनं एकटीनं निभावलं.

८ डिसेंबर
मावशीकडे गेलेले. कल्याणचा व्हिडिओ नीलमपर्यंत पोचलाय. म्हणाली, "मुखडा खालच्या पट्टीत घेतला तिनं. बरं केलं. तिला तिथंच शोभतो."
विचारलं, येतेस का घरी?
"डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. थांबते. येईल आवाज, किंवा नाही येणार." श्वास पुरत नव्हता, तुकड्या-तुकड्यानं बोलत होती. "तोवर माझं नाव कुणाला देऊ नका."
हो म्हटलं.
पुढची हळद रविवारी. बाबांना अजून सांगितलेलं नाही.