आधी ऊब

सूनबाई,

तुझी लाडकी ती भटकी मांजर अखेर माझ्या शिलाई मशीनखाली, चिंध्यांत व्यायली. एक पिल्लू गारठून पडलं होतं आणि ती त्याला जवळच घेईना. मी आपली दुधाचा बोळा घेऊन बसले, तर फोन लावल्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या, "आजी, गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्या." मग गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि पिल्लू पोटाशी धरून बसून राहिले. संध्याकाळी ते आपणहून आईला लुचलं.

बाळ गेल्यापासून तू माहेरी आहेस आणि मी नुसते डबे पाठवतेय.

हे पत्र टाकत नाही. उद्या मीच येते. डबा आणणार नाही, जवळ बसेन.

तुझी सासू