दलदलीकाठचं मचाण आणि लेझर दुर्बीण

१९ ऑगस्ट
शिकारमंडळाची बैठक. म्होरके ताउनोकाका सगळ्यांदेखत म्हणाले, योउको, यंदा मूस हरीण तुझ्यासमोरून सुटलं, तर दलदलीकाठचं मचाण राइलीला. राइली म्हणजे माझी सख्खी थोरली ताई. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हसली असती तर परवडलं असतं. ते मचाण आमच्या बाबांचं. मेलो तरी सोडणार नाही!
गेल्या वर्षी गोळी हुकली ती अंतराचा अंदाज चुकल्यामुळे. काका म्हणतात, मी चाप ओढताना डोळे मिटतो. काहीतरीच. मिटले असते तर मला दिसलं नसतं का?

२० ऑगस्ट, सकाळ
निर्णय पक्का. अंतर मोजणारी लेझर दुर्बीण घ्यायची. आजच.

३० ऑगस्ट
अजून घेतली नाही. घाईत घेतो तो मूर्ख. दुकानदाराने साधं मॉडेल पुढे केलं, म्हणाला मूससाठी एवढं रग्गड झालं. तोंडावर सांगितलं, साधं मला नकोय. दुसरं एक आहे, चढउताराचा कोन धरून अंतर सांगतं, धनुष्यबाणवाल्यांसाठी. माझ्याकडे धनुष्य नाही. पण उद्या घेतलं तर?

७ सप्टेंबर
घेतली! धनुष्यवालीच. दिवसभर अंगणात मोजमाप. सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, सव्वीस मीटर. शेजाऱ्यांची टपालपेटी एकशे चार. बायको पिर्यो म्हणाली, शेगडीवरचं सॉसेज जळतंय, ते किती लांब आहे तेही मोज. बंदुकीच्या सरावाला कधी जाणार, असंही विचारलं. सराव काय, कुणीही करतं.

२८ सप्टेंबर
एक अडचण. मध्ये फांदी आली की यंत्र फांदीचंच अंतर सांगतं. पण मी काय हार मानणारा आहे? ‘दूरचं लक्ष्य’ नावाचं सेटिंग शोधून काढलं. आता जवळचं सगळं वगळून मागचं मोजतं. ताईला फोन करून सांगितलं. म्हणाली, बाळा, नेम धरायचा सराव कर रे. जळते, दुसरं काय.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
हंगामाचा पहिला दिवस. मंडळाचं शिकारी कुत्रं भुंकायला लागलं, हातातल्या रेडिओवर काका ओरडले, तुझ्याकडेच येतंय! आलं. बाप रे, केवढं ते धूड. समोर थांबून माझ्याकडे बघत राहिलं. दुर्बीण लावली. दोनशे बारा मीटर. आमच्या मंडळाचा नियम आहे, शंभराच्या पलीकडे गोळी नाही. मन घट्ट केलं आणि जाऊ दिलं. रेडिओवर तसं छाती फुगवून सांगितलंही.
थोड्या वेळाने ताईच्या जागेवरून बार ऐकू आला. एकच.

१२ ऑक्टोबर
काकांनी खुरांचे ठसे पाहिले. म्हणे माझ्या मचाणापासून चाळीस पावलांवर. मी यंत्र पुढे केलं. डोळ्याला लावून म्हणाले, अरे गाढवा, हे मागच्या झाडांचं अंतर आहे, मूसलाच फांदी समजून वगळलंय याने! म्हणजे यंत्र बरोबरच होतं ना? झाडं तिथेच आहेत. पण ऐकतो कोण.
मचाण गेलं. ताईने पाठीवर हात ठेवला, म्हणाली, बाबांचीही गोळी हुकायची रे. हात झटकला. घरी येऊन सौनात बसलो आणि रडलो. पिर्योला घाम वाटला असेल.

१८ ऑक्टोबर
आता मी हाकाऱ्यांत, जनावर मचाणांकडे पिटाळायला. खरं कसब हाकारा घालण्यातच असतं. मचाणावर काय, पोतंही बसेल. दुर्बीण गळ्यात घालून सगळ्यांच्या पुढे निघालो. दुपारी रेडिओवर काकांनी विचारलं, कुठे आहेस? म्हटलं, अगदी योग्य ठिकाणी. अंधार पडायच्या बेताला ताई टॉर्च घेऊन आली आणि माझ्या दंडाला धरून मला रस्त्यावर घेऊन गेली. गाडीत सगळे खिदळत होते. खिदळू देत. मी हरवलो नव्हतो. समोरचं झाड किती मीटरवर आहे, हे मला शेवटपर्यंत अचूक माहीत होतं.