कोळशाने खोडलेलं वाक्य

बेनिसाल, १ मार्च १७७१

चि. ओनोफ्रेस आजीचे अ. उ. आ.

तुझं प्रवचन खेचरवाल्याने पोचवलं. कागद भिजवून आणलाय मेल्याने. तुझे नवे गुरुजी म्हणतात, कमी शिकलेल्या बाईला वाचायला दे, तिला कळणार नाही ते खोड. म्हणजे अख्ख्या मुलखात अडाणी मीच सापडले! सतरा तारखेच्या रविवारी बिशपांचा परीक्षक आपल्या देवळात तुझं प्रवचन ऐकायला येणार, तुला प्रवचनाचा परवाना द्यायचा की जन्मभर घंटा वाजवायला बसवायचं ते ठरवणार, म्हणून डोळे फोडून वाचलं.

आपले म्हातारे फादर बरे होते बाबा. प्रवचनाला उभे राहिले की हातात कवटी, तोंडात लॅटिन, मधेच सूर्य, मधेच गरुड. आम्ही हुंदके देऊन रडायचो आणि घरी येऊन मासे खायचो. कुणाचं काही बिघडायचं नाही.

मधलं एक वाक्य कोळशाने काळं केलंय. बाकी ठीक.

लोभ आहेच, तू अंगावर थोडं मांस वाढव.

उर्सुला आजी

व्हॅलेन्सिया, ६ मार्च

ती. आजीस, हातांना ओठ लावून न. वि. वि.

आजी, तू नेमका प्रवचनाचा जीवच खोडलास! ‘ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगणारा जिवंत माणसाला मातीत पुरतो.’ यात अवघड काय आहे? गुरुजी म्हणाले, फुलोरा कुणीही करतं, हे वाक्य मात्र जपून ठेव. ते काढलं तर उरलेलं पोकळ, आणि परीक्षक तेवढ्यावर मला नापास करील. पण तुला कळत नसेल तर ते ठेवणार नाही, असा शब्द मी गुरुजींना दिलाय. कुठे अडलं तेवढं लगेच कळव.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
ओनोफ्रे

बेनिसाल, ११ मार्च

चि. ओनोफ्रेस अ. उ. आ.

कुठेच अडलं नाही. तेच तर झालं.

कुंभाराची सून ब्लासा. तू रांगत होतास तेव्हा. तिला सराईमागे शिपायाबरोबर पाहिलं, असं पाणवठ्यावर मीच सांगितलं. पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, तेही अर्धं. नवऱ्याने तिला हाकललं. एकवीस वर्षं ती शातिवाच्या इस्पितळात चादरी धुतेय. आणि इतक्या वर्षांत एका प्रवचनाने मला बोट लावलं नाही.

वाक्य ठेव. मोठ्याने म्हण.

उद्या गाढव घेऊन शातिवाला निघतेय. ब्लासाला रविवारी देवळात आणायचंय. दार तरी उघडते की नाही कोण जाणे. आलीच, तर सगळ्या गावासमोर माझ्या शेजारी बसवीन. आम्हाला पाहून अडखळू नकोस.

लोभ ठेव, रविवारनंतर ठेववला तर.

उर्सुला