हर्षलची वडी

पप्पा,

पोलीस भरतीच्या साहेबांनीच हर्षलला मारलं. भर उन्हात पळवलं, पोरगं चक्कर येऊन पडलं तरी पाणी दिलं नाही, आणि वर म्हणाले, "लडका कमजोर था." रोज प्रोटीनची वडी खाणारा माझा भाऊ कमजोर? तुम्ही मात्र हात जोडून उभे राहिलात.

मी खंडव्याला वकिलाकडे चालले आहे. तक्रारीवर तुम्ही सही करणार नाही, म्हणून आईला विचारलं. ती म्हणते, "दीपा, तो रात्री येऊन डब्यातली वडी खातो. मग मेला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?" दहाव्याला तापीवर कावळा पिंडाला शिवेना, तिनं शेजारी वडी ठेवली आणि लगेच शिवला. तेव्हापासून ती वड्या करायची थांबलीच नाही.

आज तिला झोपू द्या. चक्का फडक्यात टांगलाय. त्यात फुटाण्याचं पीठ, दाण्याचा कूट आणि ठेचलेला खजूर कालवा, डब्यात थापून फ्रिजमध्ये ठेवा. गॅस पेटवायचा नाही, तुम्हालाही जमेल.

काल डब्यातल्या वड्या मोजूनच मी झोपले. आई रात्रभर माझ्या कुशीत होती. सकाळी एक वडी कमी होती, आणि चाकू धुऊन पालथा ठेवलेला, हर्षल ठेवायचा तसा.

घरात भूत असलं तरी मी राहीन, पण भित्र्या बापाबरोबर राहणं होत नाही. संध्याकाळी आईसमोर बसून सांगा, तिची सही त्यावरच अडलीय: ती वडी तुम्ही खाता की नाही?