कपाटामागचे ठोकळे

केलाँग, मंगळवार

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला प्रेमाचा सलाम. मी सुखरूप आहे, गाडीही ठणठणीत आहे. इथे राजमा-भात चांगला मिळतो, तेव्हा मम्मीला म्हणावं काळजी करू नको. तिची शुगर तपासली का?

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. गाडीचं हँडल उंच आणि जरा मागे यावं म्हणून तुम्ही नागापूरच्या कारखान्यात लेथवर आठ दिवस खपून हँडलखाली बसवायचे लोखंडी ठोकळे केलेत. निघायच्या आदल्या दिवशी मी ते काढले आणि दुकानातले चकचकीत बसवले. मित्र हसतील, एवढंच कारण. तुमचे कपाटामागे लपवले.

लहानपणी मोडलेलं माझं डावं कोपर पूर्ण सरळ होत नाही, म्हणून तुम्ही टेप घेऊन माझा हात मोजला होतात. दुकानदाराला ते काय माहीत? मनाली यायच्या आतच हाताला मुंग्या आल्या. आणि तुम्ही रोज फोनवर विचारत होतात, "हात दुखत नाही ना रे?" मी रोज सांगायचो, "पप्पा, तुमचे ठोकळे एक नंबर!"

काल पान्हा शोधताना बॅगेच्या तळाशी तेच ठोकळे सापडले. तुमच्या कंपनीच्या जुन्या शर्टात गुंडाळलेले, सोबत त्यांचे लांब बोल्ट. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता तेच बसवलेत. पत्र पोचल्यावर मला पुन्हा तोच प्रश्न विचारा, पप्पा. एकदा तरी खरं उत्तर देऊ द्या.

तुमचाच खोटारडा,
रॉबिन